आडवाटकर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चौदा नंबरच्या खांबाशी एक उंच मोटारसायकल उभी असते आणि तिच्या शेजारी एक गृहस्थ उभे असतात. गाडीवर बसलेले ते क्वचित दिसतात. बसायचं म्हणजे आधी चढावं लागतं, आणि चढण्यापूर्वी पार्किंगमध्ये कुणी नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. गाडीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर आणि गृहस्थांची पाच फूट पाच इंच. दोन्ही पाय टेकवायला गेले की टाचा अधांतरी राहतात. एक पाय नीट टेकवला, तर दुसरा पलीकडे सायकलच्या मधल्या दांडीतून पोर लटकावं तसा लटकतो.

यांना मी आडवाटकर म्हणतो. हे त्यांचं आडनाव नव्हे. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, पन्नास फ्लॅटच्या वरच्या कुठल्याही सोसायटीत एखादा आडवाटकर निघतोच. वय पंचेचाळीस ते बावन्न, नोकरी संगणकाची, घराचे हप्ते संपत आलेले, मुलगा परदेशात किंवा त्या वाटेवर, आणि कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा. पंचविशीत त्याला बुलेट हवी होती तेव्हा वडिलांनी स्कूटर घेऊन दिली होती. ती स्कूटर त्याने इमानेइतबारे बारा वर्षं चालवली, पण वडिलांना माफ केलं नाही.

पूर्वी हा माणूस ट्रेकिंग करायचा. मग गुडघे बोलू लागले. मग त्याने सायकल घेतली, महागडी. ती आता बाल्कनीत आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. आता मोटारसायकल. वहिनींनी एकच प्रश्न विचारला होता, “हिच्यावर काय वाळत घालायचं?”

आडवाटकर ज्ञानी असतो. गाडी बुक करण्यापूर्वी आठ महिने त्याने फक्त अभ्यास केला. तुम्ही लिफ्टमध्ये सापडलात तर चौथ्या मजल्यापर्यंत तो तुम्हाला सांगतो, की पुढचं चाक एकवीस इंची का आणि मागचं सतरा इंची का. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, त्याच्यावरून जातं. सातव्या मजल्यापर्यंत थिएरी सबीन हा फ्रेंच माणूस १९७७ मध्ये लिबियाच्या वाळवंटात मोटारसायकलसकट कसा हरवला आणि त्या हरवण्यातून पुढे डकार रॅली कशी जन्मली, ते येतं. तुमचा मजला नववा असेल तर बंगळूरचा सी. एस. संतोषही येतो, २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, छत्तिसावा आला होता. “छत्तिसावा!” हे आडवाटकर अशा अभिमानाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे स्वतः सदतिसावे होते.

गंमत म्हणजे हाच मनुष्य दोन वर्षांपूर्वी सोसायटीचा सेक्रेटरी असताना गेटासमोरच्या खड्ड्याविरुद्ध लढत होता. अर्ज, स्मरणपत्रं, खड्ड्यात पट्टी उभी करून काढलेले फोटो, अशी एक फाइलच होती. गाडी आली आणि फाइल बंद झाली. आता तो खड्डा आला की घोडेस्वार रिकिबीत उभा राहावा तसे आडवाटकर फूटरेस्टवर उभे राहतात, खड्ड्यातून जातात, आणि समाधानाने खाली बसतात. मागून येणारा रिक्षावाला जे बोलतो ते हेल्मेटमुळे त्यांना ऐकू येत नाही.

मग एक दिवस त्यांनी क्लास लावला. ऑफरोड रायडिंगचा, दोन दिवसांचा, मुळशीकडच्या एका माळावर. “लडाखला जायचं तर पाया पक्का हवा,” म्हणाले. लडाख अजून ठरायचं होतं. पाया मात्र शनिवारी सकाळी सहालाच होता. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुम्ही गाडी घेऊन मागं मागं जा. जाताना ते दोन चाकांवर जातील, येताना कसे येतील सांगता येत नाही.” म्हणून मी गेलो. माझी भूमिका अँब्युलन्सची होती.

त्या सकाळी आडवाटकरांना नखशिखांत सजलेलं मी प्रथम पाहिलं. गुडघ्यांना ढाल, कोपरांना ढाल, छातीला चिलखत, पायात नांगरटीच्या मोसमातल्या बैलालाही जड वाटावेत असे बूट, आणि पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी थेट तोंडाशी. वॉचमनने दाराशी उठून सलाम केला, आणि मग ओळखलं.

माळावर आणखी सात आडवाटकर होते. सगळे एकमेकांना सीसी आणि किलो विचारत होते. शिकवणारा मुलगा सव्वीस-सत्तावीसचा, तिथल्याच गावचा, दूध घालायच्या एम-एटीवर हात बसलेला. त्याची स्वतःची गाडी या सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा चाळीसएक किलोंनी हलकी होती आणि निम्म्या किमतीची. यावर कुणीच काही बोललं नाही, पण प्रत्येकाने एकदा तिच्याकडे बघून घेतलं.

“तर सर,” तो म्हणाला, “पहिला धडा. गाडी पाडा.”

माळावर शांतता पसरली. ज्या गाडीच्या टाकीवर घरच्या भाचरांना हात ठेवू दिला नव्हता, ती पाडायची. आडवाटकरांनी गाडीचं इंजिन बंद केलं, दोन्ही हातांनी तिला धरलं, आणि बारशाला बाळ पाळण्यात ठेवतात त्या हळुवारपणे मुरमावर आडवी केली. वर “सावकाश, सावकाश” असं पुटपुटलेही. कुणाला, ते कळलं नाही.

“आता उचला.”

गाडीचं वजन १९६ किलो. सिमेंटची चार पोती, फक्त चार किलो कमी. आडवाटकरांनी हँडल धरून हिसका दिला. पट्ट्याखालून कमरेने एक शब्द उच्चारला आणि गाडी जागची हलली नाही. मग त्या पोराने उचलायची रीत दाखवली, आणि मी मान्य करतो, इतकी सुंदर गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. आधी इंजिन बंद. मग गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळत नाही. हँडल एका बाजूला पार वळवायचं. मग गाडीकडे चक्क पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरखाली, पाठ ताठ, आणि मांड्यांच्या जोरावर बारीक पावलं टाकत मागे मागे सरकायचं. गाडी रुसलेल्या माणसासारखी आपोआप उठून बसते. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

आडवाटकरांनी तसंच केलं. गाडी उठली, उभी राहिली, आणि त्याच ओघात पलीकडच्या बाजूला पडली.

“सर, उजवीकडं पडली असली तर उचलायच्या आधी स्टँड काढून ठेवायचा,” पोरगा म्हणाला. “ते सांगणारच होतो.”

दुपारपर्यंत आठ जणांनी मिळून साठ-सत्तर वेळा गाड्या पाडल्या आणि उचलल्या. एका गावकऱ्याने बांधावर बसून अर्धा तास हा प्रकार पाहिला. शेवटी न राहवून मला विचारलं, “जुन्या गाड्यांची परीक्षा हाय का?”

त्यानंतर उभं राहणं. आडवाटकरांना वाटत होतं की हे त्यांना येतं, गेटासमोरच्या खड्ड्यावर रोजचा सराव होता. पण ते उभे राहायचे ते राष्ट्रगीताला उभं राहावं तसे. पोरगा म्हणाला, गुडघे वाकवा, टाकीला चिकटवा, कोपरं बाहेर काढा. बसलात की खडीचा प्रत्येक धक्का मणक्याला, उभे राहिलात की तो पाय खातात आणि गाडी खालच्या खाली नाचत राहते. तिला नाचू द्यायचं. “आणि हँडल असं धरा, कोथिंबिरीची जुडी धरता ना, तसं.” आडवाटकरांनी ते लोकलच्या दांडीसारखं धरलं होतं. ज्या माणसाने वीस वर्षं प्रोजेक्टवर घट्ट पकड ठेवून बढत्या मिळवल्या, त्याला कोथिंबीर सांगून काय कळणार! संध्याकाळी त्यांचे दोन्ही हात कोपरापासून खाली बधिर झाले आणि चहाचा कप मला त्यांच्या तोंडाशी धरावा लागला.

पण खरी फजिती वेगाने नव्हे, हळूपणाने केली. जमिनीत लाल कोन रोवून इंग्रजी आठाचा आकडा केला होता. त्यातून हाफ क्लच धरून, मागचा ब्रेक किंचित दाबून, माणूस चालतो त्याहून हळू जायचं आणि पाय टेकवायचा नाही. माझे कान टवकारले. ही तर आमची हळू सायकल शर्यत! शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि गणपतीत असायची ती. शेवटी पोहोचेल तो पहिला. मी १९८४ चा विजेता आहे. बक्षीस एक कंपासपेटी. ही गोष्ट मी तिथे सहज बोलून गेलो आणि पोरगा म्हणाला, “या की काका मग.” त्याने मला त्याची हलकी गाडी दिली. दुसऱ्या कोनापाशी माझी चाळीस वर्षांपूर्वीची कीर्ती मुरमात मिळाली. तेव्हापासून आडवाटकर माझ्याशी जरा जास्त मायेने वागतात.

मागच्या चाकाचा ब्रेक दाबून घसरत थांबायचा धडाही असाच. त्यासाठी मागचा एबीएस बंद करायचा असतो. घट्ट रस्त्यावर तो जीव वाचवतो, पण भुसभुशीत मातीत पुन्हा पुन्हा ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबता थांबत नाही. बंद केला की चाक अडतं, मातीत रेघ ओढत जातं आणि थांबतं. आठही जण मागे वळून आपापली रेघ बघत होते, कुणाची लांब आहे ते. दहा वर्षांची पोरं सायकलचा ब्रेक मारून हेच करतात. त्यांना घरून धपाटे मिळतात, यांनी पैसे मोजले होते.

दुपारच्या उन्हात नजरेचा धडा झाला. “जिकडं बघाल तिकडं गाडी जाणार, सर. दगड टाळायचा तर दगडाकडं बघायचं नाही. मोकळ्या जागेकडं बघायचं.” त्या अख्ख्या माळावर बाभळीचं एकच झाड होतं. सकाळपासून आडवाटकरांना त्याची धास्ती होती. ते त्याच्याकडे न बघण्याचा इतका निकराने प्रयत्न करत होते की गाडीला दुसरा पत्ताच मिळाला नाही. चिलखतातले काटे काढायला मला वीस मिनिटं लागली.

याच सुमारास तो वायरमन आला. खांद्यावर तारेचं भेंडोळं, पायात स्लीपर, मोबाइल कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला, खाली जुनी शंभर सीसीची गाडी. खडीच्या उतारावरून तो बसल्या बसल्या आला, कोनांच्या मधून गेला, ओढ्याच्या दगडांवरून पाय सोडून पलीकडे चढला, आणि फोनवर कुणाला तरी “फेज गेलाय रे, दुसरं काय नाय” असं सांगत दिसेनासा झाला. आठ हेल्मेटं त्याच्या दिशेला वळलेली होती.

पोरगा घाईघाईने म्हणाला, “त्यांच्याकडं बघू नका, सर. ते सगळं चुकीचं करतायत.”

दुसऱ्या दिवशी उतार आणि ओढा होता. उताराबद्दल फार सांगत नाही. पहिला गिअर, क्लचला हात नाही, इंजिनच गाडीला धरून ठेवतं, आणि पोरगा खालून ओरडत असतो, “सर, बूड मागं! सर, अजून मागं!” एका बड्या कंपनीच्या उपाध्यक्षाला इतक्या अदबीने इतकं स्पष्ट कुणी कधी सांगितलं नसेल. ओढा आधी पायी ओलांडून बघायचा असतो: खोली किती, दगड कुठला हलतो. आडवाटकरांनी तो दोनदा पायी ओलांडला, काठीने मापला, आणि मग गाडीवरून अगदी सरळ, एका लयीत, नजर पलीकडच्या काठावर ठेवून पार केला. मी खरंच टाळ्या वाजवल्या. काठावर पोहोचल्यावर त्यांनी विजयाने पाय टेकवला. पाय जिथे टेकायला हवा होता तिथे जमीन नऊ इंच खाली होती. मोजलेला ओढा मागे राहिला आणि न मोजलेल्या काठावर ते आडवे झाले.

पण या वेळी काय झालं सांगतो. कुणी धावत जायच्या आत ते उठले. इंजिन बंद. गिअर. स्टँड. हँडल वळवलं, पाठ केली, आणि बुटातलं पाणी पचपच वाजवत, बारीक पावलं टाकत, चार पोती सिमेंट एकट्याने उभं केलं. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा चिखलाने माखलेला होता आणि त्यावर असं हसू होतं, जसं मी त्यांच्या प्रमोशनच्या पार्टीतही पाहिलं नव्हतं. मला क्षणभर, कबूल करतो, हेवा वाटला.

परतताना पंक्चरच्या दुकानापाशी हवा भरायला थांबलो. मातीत पकड मिळावी म्हणून चाकातली हवा उतरवलेली होती. दुकानदार टायर दाबून म्हणाला, “साहेब, एवढी कमी हवा? कुणी फसवलं तुम्हाला?”

लडाखचं अजून ठरतंय. मात्र क्लास वाया गेला असं कुणी म्हणू नये. परवा पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची अ‍ॅक्टिव्हा कुणाच्या तरी धक्क्याने उजवीकडे पडली. आडवाटकर लिफ्टमधून बाहेर पडले, त्यांनी ते पाहिलं, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, “कुणी हात लावू नका.” किल्ली फिरवून बंद केली. गिअर शोधला, तो नव्हता. स्टँड आठवणीने काढला. मग त्या बिचाऱ्या स्कूटरकडे पाठ करून, सीटला बूड टेकवून, नजर पार लांब गेटाकडे लावून, ते तिला मांड्यांवर उचलत मागे सरकू लागले. अ‍ॅक्टिव्हा इतकी हलकी, की दुसऱ्या पावलालाच उभी राहिली. पडली नाही.

काकू सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “छान शिकवलंय हो. किती घेतले दोन दिवसांचे?”

आडवाटकरांनी आकडा सांगितला.

काकूंनी मान हलवली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जिना चढता चढता वॉचमनला म्हणाल्या, “अरे, मागच्या आठवड्यात तू उचललीस तेव्हा मी तुला चहासुद्धा विचारला नाही रे.”