साठ दिवसांच्या न्यायमूर्तींस

रा. रा. तक्रारबंद बॉट यांस,
सा. न. वि. वि.

'या तक्रारीवर बरेच दिवस हालचाल नाही, म्हणून ती बंद करत आहोत. सहभागाबद्दल आभार.' हे आपलं पत्र मिळालं. आभारही पोचले. चूक होती तिथेच आहे.

आठवण करून देतो, कारण आपल्याकडे फक्त मुदती असतात. आपल्या कंपनीच्या ॲपमध्ये 'ऱ्य' टाइप केला की त्याचा 'र्य' होतो. लग्नाच्या हिशोबात 'आचाऱ्यास पाच हजार' लिहावं, तर छापून येतं 'आचार्यास पाच हजार'. जिलब्या तळल्या एकाने, पैसे गुरुजींच्या नावावर! मी स्क्रीनशॉट दिले, फॉन्ट कळवला, आवृत्ती कळवली. आपल्याकडच्या कुणीतरी खाली अंगठा उंचावला आणि सगळं सामसूम झालं. हालचाल नव्हती हे खरंच. पण ती करायची कुणी? माझं सांगून झालं होतं.

गिटहबवरच्या तयार बॉटमध्ये आकडे आधीच भरलेले असतात: ६० दिवस शांतता असली की शिक्का, आणखी ७ दिवसांनी दार बंद. आपला कायदाही तोच दिसतो. या कायद्याने 'बॅश' या प्रोग्राममधली शेलशॉक ही चूक कधीच निकालात निघाली असती. ती १९८९पासून कोडमध्ये निवांत बसली होती, उघडकीला आली २०१४मध्ये. एक्सेल तर काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं. संशोधक वर्षानुवर्षं बोंबलत राहिले आणि २०२०मध्ये त्यांनी जनुकांचीच नावं बदलून घेतली. हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३मध्ये. मराठीनेही 'ऱ्य' सोडून द्यावा, असं आपलं म्हणणं असेल तर तसं कळवावं.

(पदरमोड करून राबणाऱ्या स्वयंसेवकांनी ढीग आवरायला आपल्याला ठेवलं, तर माझी तक्रार नाही. इथे मात्र मी दरवर्षी वर्गणी भरतो आणि आपण बंद केलेल्या तक्रारी 'सोडवलेल्या'त मोजल्या जातात.)

जुन्या तक्रारीला आपण कुलूप घातलंय, म्हणून नवी नोंदवली आहे. एक छोटी स्क्रिप्टही लिहून घेतली. ती दर एकोणसाठाव्या दिवशी तिथे 'अजून तसंच आहे' असं टाकत राहील. मी मध्ये पडणार नाही. आपलं आपसांत चालू द्या.

कळावे,
एक वर्गणीदार