पर्यटक तो मी नव्हेच

लोक मालवणला जातात, तारकर्लीला पाण्याखाली उतरून माशांबरोबर फोटो काढून घेतात. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. (जे म्हणायचं होतं ते ऑफिसात डबा खाताना म्हणून झालंय.) मी वेंगुर्ल्याला जातो. "तिथे काय आहे?" असं कुणी विचारलं की मी जरा थांबतो, खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "काहीच नाही." हे 'काहीच नाही' मी पुष्कळ तालमी करून बसवलेलं आहे. त्यात तुच्छता दिसता कामा नये. पण आपली आजवरची सगळी सुट्टी वाया गेली, असं समोरच्याला वाटलं पाहिजे.

खरं तर वेंगुर्ल्यात बरंच काही आहे. बंदर आहे, टेकडीवर दीपगृह आहे, सागरेश्वरचा किनारा आहे, सतराव्या शतकातली डचांची वखार पडक्या भिंतींनिशी उभी आहे. मंगेश पाडगावकर इथे जन्मले, बॅरिस्टर नाथ पै इथलेच. जरा दक्षिणेला सरकलं की जयवंत दळवींचं आरवली, त्याला लागून शिरोडा. तिथे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शाळामास्तर होते, आणि तिथेच १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. एवढ्याशा पट्टीतून महाराष्ट्राला एवढा माल पुरवून हा भाग परत दुपारचा झोपायला जातो. ही यादी मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितली तर लोक येतील. हा लेखसुद्धा हात आखडूनच लिहितोय.

दुपारच्या झोपेचं मात्र सांगायला हवं, कारण मी पुण्याचा आणि त्यामुळे या विषयातला जाणकार. पुण्यात दुकान एक ते चार बंद असतं ते तत्त्व म्हणून. तशी पाटी असते, पाटीला धार असते. इथे दुकान बंद असतं ते झोप आली म्हणून. पाटी नाही. फळी अर्धी लावलेली, आत पंख्याचा आवाज, आणि काउंटरवर मांजर. साबण हवा असेल तर तुम्ही हाक मारू शकता, पण मारवत नाही. साबणाशिवायही माणूस चारपर्यंत जगतो, हा शोध मला वेंगुर्ल्यात लागला.

माझी अट एकच: तिथे मला कुणी पर्यटक समजू नये. त्यासाठी मी कॅमेरा नेत नाही, कवटी तापली तरी गोल टोपी घालत नाही, आणि मालवणी बोलतो. मालवणी मी मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' ऐकून ऐकून शिकलो. तोटा असा की नाटकातलं मालवणी हे मुख्यतः दुसऱ्याला झापण्यासाठी आहे; बाजारात दोन वाटे बांगडे मागताना ते जरा मोठं होतं. तरीही मी मासळीबाजारात पाय रोवून विचारलं, "बांगडे कशे दिलास गे?" मासेवालीने मान वर केली. मला पुन्हा एकदा बोलायला लावलं. मग लहान मुलाशी बोलावं तशा मायेने म्हणाली, "तुमी मराठीत बोला भाऊ, माका कळता." शेजारची कोलीम निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "पुण्यासून इले असतले. चप्पल बघ."

आता ओल्या काजूंविषयी. इथे त्यांचं काही काम नाही, पण एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याला जाऊन आलेल्या माणसाने दुसऱ्या कशाबद्दल बोलावं, हे मला कळत नाही.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. या किनाऱ्यावर त्यांनी केलेल्या बाकीच्या उद्योगांचा हिशेब इतिहासकार मांडतीलच. काजूगराच्या उसळीपुरती मी त्यांना सूट द्यायला तयार आहे. ओला काजू म्हणजे पुरती न वाळलेली, कोवळी बी. बाजारात बायका ती सोलून घेऊन बसतात आणि शेकड्यावर विकतात, किलोवर नाही. मोजून घेण्याची ही रीत मला फार आवडते. प्रत्येक गराला त्यात स्वतंत्र अस्तित्व मिळतं. सोलताना टरफलातला चीक लागतो, कातडी सोलवटते, बोटं काळी पडतात. ती बोटं बघितल्यावर भाव करू नये असं माझं मत आहे, आणि ते मी चारचौघांत ठणकावून सांगतो. भाव करतो तो हळू आवाजात.

घरी आणून गर गरम पाण्यात टाकायचे, साल निघते. मग ओलं खोबरं, धणे आणि मिरची यांचं वाटण. या उसळीत बटाटा घालणारे लोक आहेत. ते कर भरतात, मतदान करतात, त्यांना आपण काही करू शकत नाही. वाटाणा घालणारेही आहेत म्हणे. माझ्यासमोर अजून कुणी तशी हिंमत केलेली नाही. पुण्यात तर सुके काजू रात्रभर भिजवून 'ओल्या काजूची उसळ' म्हणून वाढतात. मी ती पहिल्या घासाला ओळखतो, चमचा खाली ठेवतो आणि टेबलावरच्या सगळ्यांना पाच मिनिटं समजावून सांगतो. हल्ली मला जेवायला बोलावणं कमी झालंय, ते महागाईमुळे.

आणि हे तर ऐकाच. वेंगुर्ल्यात १९५७ सालापासून फळ संशोधन केंद्र आहे. आता ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे आंब्याच्या नव्या जाती निघाल्या त्यांना नावं मिळाली 'रत्ना' आणि 'सिंधू'. काजूच्या निघाल्या त्यांची नावं वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. म्हणजे आंबा घरातली लेक आणि काजू एसटीचा फलाट! या अन्यायाबद्दल आजवर एकाही साहित्य संमेलनात ठराव आलेला नाही. 'सिंधू' आंब्याची बाठ नावापुरती, पातळ असते. मी हे कौतुकाने, आपणच ती पातळ केल्यासारखं, मी जिथे उतरतो त्या घरच्या काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाठो चोखूक नाय तर आंबो कित्याक खावचो?" विज्ञान तिथेच थांबलं.

काजूच्या बोंडूंचं तर आणखीच. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्यात त्यांची हुर्राक होते, फेणी होते, बाटलीवर चित्र लागतं. खाडीच्या अलीकडे बरेचसे बोंडू झाडाखाली पडून सडतात. इथली पोरंही रोज सकाळी मोटारसायकलवरून तीच वाट धरतात, गोव्यातल्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला.

उरलेले रापण ओढतात. उभादांड्याच्या नवाबागच्या किनाऱ्यावर मी ती पाहिली. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा वळसा घेते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून दोन रांगा मागे मागे सरत तासन्‌तास ओढत राहतात. दोरीला हात लावेल त्याला वाटा, अशी जुनी रीत आहे. पर्यटक फोटोपुरता हात लावतात आणि जातात. मी पर्यटक नसल्यामुळे लावला तो काढलाच नाही. माझ्यामागे बनियन आणि अर्धी चड्डी घातलेले एक म्हातारे होते. बराच वेळ त्यांनी सहन केलं, मग अगदी सभ्यपणे विचारलं, "ओढतास, काय नुसते धरून उभे रवलास?" मी म्हटलं, ओढतोय. ते म्हणाले, "बरा." तो 'बरा' मी अजून विसरलेलो नाही.

जाळं वाळूत आलं तेव्हा वर घिरट्या घालणाऱ्या घारींचीच निराशा जास्त झाली. मूठ-दोन मूठ तारली, थोडे पेडवे, एक-दोन कुर्ल्या, आणि बाकी प्लास्टिक. पंधरा-वीस माणसांची सकाळ. कुणी काही बोललं नाही. मग एकाने समुद्राकडे हात करून शिवी घातली. शिवी समुद्राला नव्हती. रात्री लांबवर दिव्यांची रांग दिसते, म्हणाला; एलईडीचा झगझगीत उजेड पाण्यात सोडतात, त्यावर मासे गोळा होतात, आणि यांत्रिक बोटी खालून सगळे उपसून नेतात. अशा मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातलेली आहे. दिवे दिसतात ते दिसतातच. किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या जाळ्यापर्यंत मग यायचं तरी कुणी?

वाटे घातले तेव्हा मी मागे सरलो. एवढ्याशा मासळीत माझा वाटा कसला? म्हातारे तडकले. "हात लावलास मगे वाटो घेवकच व्हयो!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेली तारली कोंबली. दया म्हणून नाही. हिशेब म्हणून. आजवरच्या माझ्या सगळ्या पगारांत तो मला सगळ्यात अवघड गेला.

पण मी मी आहे. पुडी घेऊन सरळ घरी न येता मी बाजारातून, मासळीबाजाराच्या पुढून, बसस्टँडला वळसा घालून आलो. पान मुद्दाम थोडं उघडं ठेवलं. त्या मासेवालीने बघितलं असावं अशी माझी खात्री आहे. घरी काकींपुढे पुडी सोडली. त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्या मांजराक हाडलास?"

त्याच संध्याकाळी पडवीत बसून काकी कोकमं फोडत होत्या आणि मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं: "काकी, काय शांत आहे हो तुमच्याकडे!" हे वाक्य मी दर वेळी म्हणतो, आणि यजमानांनी ओशाळून हसावं अशी अपेक्षा असते. काकी हसल्या नाहीत. "झील पुण्याक, चेडू बोरिवलीक. आवाज करूक हय आसा कोण?" एवढं म्हणून त्यांनी पुढचं कोकम घेतलं. मागच्या दोन खोल्यांना कुलूप आहे, ते मी रोज बघत होतो. मला वाटायचं, सामान असेल.

मग त्या बोलत गेल्या. पूर्वी बोटी लागायच्या तेव्हा बंदरावर केवढी झुंबड असायची, हे त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं. त्याच्याही आधी बेळगावकडचा माल घाट उतरून याच बंदरात यायचा. मुरगावला रेल्वे गेली आणि तो व्यापार तिकडे वळला. बोटी बंद झाल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तीही कुडाळ-सावंतवाडीवरून, वेंगुर्ल्याला न शिवता. नवऱ्याला रात्री झटका आला तेव्हा गाडी करून गोव्याला न्यायचं ठरलं. वाटेतच... हेही त्यांनी बाकीचं जसं सांगितलं तसंच, हात न थांबवता सांगितलं.

मला तेव्हा चीड आली, आणि ती कुणावर काढावी हे कळेना. आम्ही पुण्याचे, ठाण्याचे, या गावांत येतो, पडवीत पाय पसरतो आणि 'हे असंच राहायला हवं' असं म्हणून जातो. असंच म्हणजे कसं? खोल्यांना कुलूप घालून? आमच्याच सोसायटीतल्या एकाने इकडे समुद्र दिसणारी जागा घेतली आहे आणि तिला एवढी उंच भिंत घातली आहे की समुद्र फक्त त्यालाच दिसतो. तोही वर्षातून दोनदा. शिवाय तोसुद्धा लोकांना "तिथे काहीच नाही" असंच सांगतो. माझ्यापेक्षा वाईट सांगतो, पण सांगतो.

अर्थात चीड येऊनही रात्री मी सोलकढी दोनदा मागून घेतली.

निघायच्या दिवशी काकींनी पिशवी आणून ठेवली. त्यांचा मुलगा वाकडला राहतो, माझ्या घरापासून काय ते अर्ध्या तासावर. शंभर काजूगर, सोलं, आगळाची बाटली, खाज्याचा पुडा. "आणि त्येका सांगा, चतुर्थीक तरी ये." मी मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची भाची कोथरूडला. मग पलीकडच्या घरातले अण्णा आले. त्यांचं पुण्यात कुणीच नाही, पण त्यांच्या झाडाला फणस फार लागले होते. एकांतासाठी आलेला मी डेपोत उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे तीन पिशव्या होत्या आणि पोत्यात बांधलेला एक कापा फणस, माझ्या स्वतःच्या बॅगेपेक्षा मोठा. मालवणीतला एकही शब्द न उच्चारता मी तो एसटीत चढवला आणि शेजारच्या सीटवर बसवला.

गाडी सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत माझ्यापर्यंत आला. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही, पोत्यावर थाप मारून, आवाज ऐकून, समाधानाने विचारलं, "फणस खय उतारतलो?"

"पुण्याला."

"आणि तुमी?"