फडक्याचा मूळ रंग

त्या फडक्याचा मूळ रंग कोणता, यावर चिकनच्या दुकानापुढच्या रांगेत दोन मतं आहेत. एक पक्ष पांढरा म्हणतो, दुसरा चौकडीचा टॉवेल. दुकानदार तटस्थ. दुकान चालवायला घेतलं तेव्हा ते आतच होतं म्हणे.

फडकं सकाळी सहाला कामाला लागतं. आधी सुरा पुसतं, मग ओंडका, मग काट्याचं ताट, मग हात, मग गल्ल्यातली ओली नोट, आणि पुन्हा सुरा. अधूनमधून माश्या हाकलतं, मालकाच्या कपाळावरचा घाम टिपतं. एखाद्या कोंबडीच्या आतड्यातला साल्मोनेला तिच्यापुरताच राहिला असता, पण फडक्याला आपपरभाव नाही. ऊब आणि ओल मनासारखी मिळाली तर असला जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. सहाला एक असेल, तर त्या हिशेबाने बाराच्या ठोक्याला अडीच लाखांच्या वर. बारानंतर तर रविवारची खरी गर्दी सुरू होते.

नियम आहेत हो. सुऱ्यांसाठी ८२ अंशांचं पाणी, रात्री ओंडक्यावर मिठाचा थर. त्यातला एकच कसोशीने पाळला जातो: येणाऱ्याजाणाऱ्याला मांस दिसू नये म्हणून काळी काच. काचेमागे फडकं निर्धास्त.

आणि आपण? पाण्याच्या बाटलीवरची तारीख चष्मा वर करून वाचणारे, शेजाऱ्याच्या पेल्याला तोंड न लावणारे, फ्रोझनचं नाव काढलं की नाक मुरडणारे आपण! ‘समोर कापा, ताजं पाहिजे’ असं दरडावतो आणि ताजी कोंबडी त्या ओंडक्यावर पडताना मोबाइल बघत बसतो. ‘अहो, ते फडकं बदला’ एवढे चार शब्द अख्ख्या रांगेत एकाच्याही तोंडून निघत नाहीत. का, तर तो चिडेल आणि किलोत माना घालेल. लेग पीससाठी लाचार झालेली जमात आहे ही! भाजीवाल्याशी दोन रुपयांच्या कोथिंबिरीवरून तावातावाने भांडणारा माणूस इथे ‘दादा, जरा बघून द्या’ म्हणतो. दादा बघतो, आणि सुरा फडक्याला पुसतो.

बरं, कुणी बोललंच तर उत्तर तयार असतं: शिजल्यावर सगळे मरतात. मरतात ना. आतपर्यंत ७४ अंश चढले की रश्श्यात कुणी उरत नाही. पण त्याआधी ते चिकन नळाखाली खळखळून धुतलेलं असतं, शिंतोडे शेजारच्या काकडीवर उडालेले असतात आणि त्याच हाताने कोथिंबीर निवडलेली असते. कोशिंबीर कुठे कुणी शिजवतं?

मग सोमवारी रात्री घरातले तिघं आळीपाळीने संडासाकडे धावतात. डॉक्टर विचारतात, बाहेरचं काही खाल्लंत? छे हो, सगळं घरचं. घरी खल होतो आणि ठपका कोशिंबिरीतल्या दह्यावर येतो. पुढच्या रविवारपासून डेअरी बदलायची, असं एकमताने ठरतं.