फुटेजराव

फुटेज खाणारी माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. आमच्या ट्रेकवाल्यांत एक फुटेज जपणारा आहे. त्याचं पाळण्यातलं नाव आता कुणी घेत नाही. सगळे फुटेजरावच म्हणतात. वय ४६, नोकरी बँकेत, छातीवर पट्ट्याने आवळलेला ॲक्शन कॅमेरा.

ऑक्टोबरात आम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलो. बाकीच्यांचे फोटो कोकणकड्यावरच्या वाऱ्यात केस विस्कटलेले असतानाच स्टेटसला लागले. फुटेजरावांना दिवाळीत विचारलं, "व्हिडिओ कधी?"

"कन्व्हर्ट होतोय."

संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलो, तर खरंच होत होता. लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर, शेजारी टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून. वहिनी म्हणाल्या, "बसा भावजी. पंखा मात्र मागू नका."

"एवढा वेळ का रे लागतो?" असं मी बोलून गेलो. हे विचारायचं नसतं.

"कॅमेरा कंजूष असतो. एच २६५ मध्ये एक चित्र पुरं लिहितो, पुढच्यांना नुसतं 'वरीलप्रमाणे, फक्त पान हललं'. आपण मधलंच चित्र मागितलं की कॉम्प्युटर बिचारा मागची पानं चाळत बसतो. फोर-के, सेकंदाला ६० चित्रं! धाप लागणारच. म्हणून मी प्रोरेझ करून घेतो. प्रत्येक चित्र सबंध."

"मग फाइल फुगत असेल?"

"जवळपास दहापट," मुलगा मेरिटमध्ये आल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले. तिसरी हार्ड डिस्क देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात होती. उदबत्त्या आता फ्रिजवर.

मुलीने सोपा उपाय सुचवला होता: हलक्या प्रॉक्सी फाइली बनवा, त्यांच्यावर एडिटिंग करा, शेवटी मूळ फाइली जोडा. "कॉलेजात कधी प्रॉक्सी लावली नाही, आता लावू?" असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं.

त्यातून त्यांचा कॅमेरा ४ जीबी झाले की फाइलचा नवा तुकडा पाडतो, आणि नावात तुकड्याचा आकडा आधी, चित्रणाचा नंतर. नावांप्रमाणे रांग लावली की सगळ्यांचे पहिले तुकडे पुढे येतात. त्यामुळे पहिल्या जोडणीत आम्ही अर्धा गड चढलो, पिठलं-भाकरी जेवलो, खाली उतरलो आणि मग उरलेला अर्धा चढलो.

शिमग्याच्या सुमारास सिनेमा लागला. त्यांच्या घरी, ५५ इंची टीव्हीवर, दहा जणांसमोर. छातीवरच्या कॅमेऱ्याला चढावर दिसणार काय? पुढचा माणूस. पुढे मी होतो. माझी पँट मागून शिवणीत उसवली होती, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक चित्र सबंध.

"एवढं काढून टाक रे," निघताना मी दारात हळूच म्हटलं.

"टाकलं समज."

"आणि मूळ फाइल?"

"छे, ती कशी टाकीन? तीन ठिकाणी ठेवलीय."