बूचवाले अण्णा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या बुलेटचं इंजिन रंगवायला नेलंत, तर अण्णा आधी तुमच्याकडे बघत नाहीत. इंजिनाला भोकं किती ते बघतात. माणसाविषयीचं मत मागाहून बनतं, आणि तेही फारसं बरं नसतं.

अण्णांचं काम झाकण्याचं. जुना थर उडवायला इंजिनाचं चेंबर ब्लास्टिंगच्या माऱ्याखाली जाण्याआधी बेअरिंगची घरं, पॅकिंगच्या जागा, ऑइलच्या वाटा, सगळं बंद. आट्यांत जुने बोल्ट, भोकांत रबरी बुचं, वरून डक्ट टेपचे थर. एखाद्या पोरानं कागदी मास्किंग टेप पुढे केला, की अण्णा डाफरतात, "ह्यो रंगाला. माऱ्याखाली ह्याची रांगोळी हुतीया." ब्लास्टिंगला काचेचे मणीच वापरणार, हे वदवून घेतल्याशिवाय चेंबर हातातून सोडत नाहीत. शिरोलीच्या फाउंड्र्यांत बिडाच्या कास्टिंगवर पोलादी छर्रे मारतात, ते बिडाला शोभतं. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर मात्र देवी आल्यासारखं दिसायला लागतं.

गिऱ्हाईक उत्साहानं रंग बघायला येतं, तर समोर पार्सल.

"अण्णा, रंग कधी?"

"रंग काय, अर्ध्या तासाचं काम हाय. पण येक मणी जरी ऑइलच्या वाटंत ऱ्हायला, तर बेअरिंग खातंय. मग येशील माझ्याच दारात रडत."

पावडर कोटिंग म्हटलं की मुक्काम आणखी वाढतो. भट्टी 200 अंशांच्या आसपास. साधा टेप तिथं करपून डिंकासकट चिकटतो. म्हणून जुनं सगळं सोलायचं, हिरवा उष्णता सोसणारा टेप लावायचा, बुचं सिलिकॉनची. इंजिन नंबरावरचा टेप मात्र अण्णा दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. "आरटीओत तुमचं तोंड चालंल, घासलेला नंबर चालायचा न्हाई."

आत गेलेली बुचं वहीत लिहून ठेवतात, बाहेर आली की मोजतात. एकदा 17 गेली, 16 आली. अण्णांनी चेंबर पुन्हा धुतलं, प्रत्येक वाटेतून हवा मारली, ब्लास्टिंगवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. गिऱ्हाईक अवघडून उभं. शेवटी त्यानं खिशातून निळं बूच काढलं. सोलताना खाली पडलं होतं, पोराला खेळायला बरं म्हणून त्यानं उचललं होतं.

अण्णा काही बोलले नाहीत. बिलात तेवढी एक ओळ वाढली: 'बूच शोधणे, मजुरी.'