फिरंगी धोत्र्यास खुले पत्र

मु. पो. हळर्ण, ता. पेडणे, गोवा

रा. रा. फिरंगी धोत्रा यांसी,

सा. न. वि. वि. (काट्यांमुळे नमस्कार जरा लांबूनच.)

बाहेरून येऊन ठाण मांडणारे हळर्णला नवे नाहीत. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने इथला किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि पुढे आमच्या गावाच्या नावाने ‘आलोर्नाचा मार्किस’ म्हणून मिरवला. आपण तर थेट मेक्सिकोकडचे. पदवी न मागता रस्त्याकडेच्या पडीक जागेवर समाधान मानलंत. केवढा हा विनय!

पिवळ्या फुलांवरून लोक आपल्याला रानमोहरी समजतात आणि आपणही कधी खुलासा करत नाही. मोहरीच्या कुळातल्या फुलाला मोजून चार पाकळ्या. आपण सहापर्यंत उधळता. पान निळसर हिरवं, शिरा पांढऱ्या, कडेला काटे, आणि देठ मोडला की पिवळाजर्द चीक. खानदान अफूचं! पण बोंड उकलून बी सांडली की ओळख संपली. काळी, बारीक, मोहरीच्या पोत्यात बेमालूम.

१९९८च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातून आपण घरोघरी पोचलात. पाय सुजले, दम लागला, साठहून अधिक माणसं दगावली. तेलातलं विष आपलंच, सँग्विनरीन नावाचं. कोलकात्याला ही सूज १८७७पासून ठाऊक आहे, म्हणजे अनुभव दांडगा.

आम्ही जेवण रांधतो खोबरेलावर, म्हणून इथे आपली डाळ शिजणार नाही असं म्हणणार होतो. पण आंब्याचं सासव आहे ना! त्यात मोहरी खोबऱ्याबरोबर वाटूनच घालतात. तिथे आपण आलात तर गाळून काढणार कोण?

तरी सगळा आळ आपल्यावर घालणं मला पटत नाही. शेतातली चार बोंडं मळणीत चुकून येतील. पण घाऊक भेसळीसाठी आपण काही स्वतः तेलघाण्यापर्यंत चालत गेला नसाल. कुणीतरी पोतं उचललं, तोललं आणि पैसे मोजून घेतले. आपण निदान काटे उघड्यावर ठेवता.

वाचकहो, सुटी मोहरी घेताना चिमूटभर तळहातावर पसरा. मोहरीचा दाणा गोल नि गुळगुळीत असतो. धोत्र्याचा खडबडीत, एका बाजूला बारीक टोक असलेला. असा दाणा दिसला तर पुडी दुकानदाराला परत करा, आणि तेल सीलबंदच घ्या.

आपला,
एक हळर्णकर