रुळावर न आलेला फोटो

भाच्याच्या वास्तुशांतीला भिंतीवरचं घड्याळ न्यायचं नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं. घड्याळं त्याला ढिगानं येणार होती. मी स्वतः काढलेला फोटो फ्रेम करून देणार होतो. "म्हणजे पैसे वाचणार," ही म्हणाली. त्यात तथ्य असल्यामुळे मी लगेच कलेवर बोलायला लागलो.

विषय ठरला माथेरानच्या गाडीचे रूळ. रूळ हलत नाहीत, ऐन वेळी डोळे मिटत नाहीत, "माझा जाड आलाय, परत काढा" म्हणत नाहीत. शिवाय पुढे जाऊन एकत्र येण्याचं काम ते आपणहून करतात. आणि हे साधेसुधे रूळ नव्हेत. आदमजी पीरभॉय कुटुंबानं 1907 साली सुरू केलेली ही नेरळ-माथेरान लाइन. दोन रुळांत अंतर जेमतेम दोन फूट. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी बंद, त्यामुळे निम्मं माथेरान या रुळांच्या कडेनंच चालत गावात शिरतं.

अमन लॉज स्टेशनपुढच्या एका वळणावर मी जागा हेरली. रुळांच्या मधोमध उभा राहणार, एवढ्यात ही म्हणाली, "अहो, रुळावर विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. कलम 147. सहा महिने आत, नाहीतर हजार रुपये दंड." हिनं कुठल्याशा स्टेशनवरची पाटी वाचून पाठ केली असावी. सहा महिन्यांचं मी सहन केलं असतं. हजार रुपयांत दोन घड्याळं आली असती. मग पायवाटेवरच उभं राहून, कमरेतून वाकून, हात पुढे ताणून फोटो काढले. कडेच्या दगडावर एक माकड बसलं होतं. माझ्याकडे बघून त्यानं जो चेहरा केला, तोही एका फोटोत आला.

घरी येऊन पाहतो तर त्या फोटोत सगळंच कललेलं. हरकत नाही, फोनमध्ये सरळ करायची सोय असते. फोटोवर जाळी येते, खाली आकडे सरकतात. मी रूळ जाळीला लावून घेतले आणि मागची झाडं दारू प्यायल्यासारखी डावीकडे झुकली. झाडं सरळ केली, तर रूळ घसरले. बराच वेळ मी या दोघांत तडजोड घडवत होतो. मग रेल्वेत उमेदवारी केलेल्या शेजारच्या काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "अरे, वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवतात. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून. ब्रॉडगेजला तर 165 मिलिमीटरपर्यंत. जे तिरकंच बांधलंय ते तू सरळ काय करतोयस?" वर माथेरानचा चढ वीस फुटांना एक फूट आहे, हेही ऐकवलं. म्हणजे आडवंही सपाट नाही आणि उभंही नाही. भाच्याला भेट देण्यासाठी अख्ख्या रायगड जिल्ह्यातून मी नेमकी हीच जागा निवडली होती.

या सरळ करण्यात आणखी एक गोम असते. फोटो जितका फिरवाल, तितके त्याचे कोपरे उडतात. माझ्या खटपटीत आधी कोपऱ्यातली एक पाटी गेली, मग झाडांचे शेंडे, आणि शेवटी माकड. खरं तर त्या फोटोत बघण्यासारखं तेवढंच होतं.

मग दुसरा फोटो निवडला. फोन सरळ खाली धरून काढलेला: दोन रूळ, मधे स्लीपर, खडी. यात झाड नाही, आभाळ नाही. कलायला जागाच नाही. पण हा फोनमध्ये उभा दिसे आणि भाच्याच्या आईला पाठवून पाहिला तर तिकडे आडवा. याचं कारण मला कॉलेजातल्या पुतण्यानं सांगितलं. वर कुठलं आणि खाली कुठलं, हे फोन गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो. तो जमिनीकडे तोंड करून धरला की त्याला बाजूच कळत नाही. मग तो आपला अंदाज ठोकून देतो. तो अंदाजही फोटो फिरवून नोंदवत नाही, नुसता एक आकडा आत लिहून ठेवतो. 1 ते 8 मधला. 6 असेल तर उजवीकडे पाव फेरा द्या, 3 असेल तर उलटा करा, असं. दाखवणाऱ्यानं तो आकडा वाचला तर ठीक. न वाचला तर रूळ झोपले. इतकी महत्त्वाची गोष्ट चिठ्ठीवर लिहून दुसऱ्यावर सोडणं, ही पद्धत मला आमच्या जुन्या ऑफिसात सोडून कुठे दिसली नव्हती.

प्रिंटवाल्याच्या संगणकानं ती चिठ्ठी वाचली नाही. मी फिरवायला सांगितलं; मुलानं फिरवला. मग दुसऱ्या खिडकीत उघडला, तिथं ती वाचली गेली आणि फोटो परत फिरला. शेवटी मुलगा हात टेकून म्हणाला, "काका, यात वर कुठलं?"

मी फोटोकडे पाहिलं. रूळ, स्लीपर, खडी. "थांब," म्हणालो, आणि आठवेना. मी नेरळकडे तोंड करून उभा होतो की माथेरानकडे? मान तिरकी करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मागे रांगेत पासपोर्टच्या फोटोसाठी उभे असलेले गृहस्थही मान वळवायला लागले. शेवटी आवाजात अधिकार आणून एक बाजू सांगितली आणि प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं बाण काढून घेतला.

फ्रेमवाल्यानं त्या बाणावर हार्डबोर्ड ठोकला.

"आता?" मी विचारलं.

"चारी बाजूंना कड्या लावून देतो," तो म्हणाला. "ज्यांना द्यायचाय, ते ठरवतील."

तीन जादा कड्यांचे पैसे त्यानं वेगळे लावले.